बिअरच्या टोपातली आमटी

स्टाउट, म्हणजे ती काळी बिअर, कशी करतात हे मला कुणी विचारलं, तर धान्य भरडण्यापासून बाटलीला बूच बसवण्यापर्यंत सगळं सांगेन. पण मला कुणी विचारत नाही. नवऱ्याला विचारतात. आणि तो सांगतोही. ग्लास उजेडाकडे धरून, एक डोळा बारीक करून म्हणतो, "मी भाजलेली बार्ली जरा जास्त घालतो." या माणसाने बार्लीचं पोतं फक्त गाडीच्या डिकीतून गॅरेजपर्यंत उचललेलं आहे, आणि तेही कंबर धरून, दोनदा टेकवून.

आम्ही कीवींच्या देशात, पापाकुराला राहतो. नवरा पुण्याचा, आयटीतला. मी डोंबिवलीची, फूड टेक्नॉलॉजी शिकलेली. या देशात आल्यावर आधी आम्ही हॅमिल्टनला होतो आणि मी ‘ते रापा’ नावाच्या गावाकडे दुधाच्या कारखान्यात लॅबमध्ये काम करायचे. भांडं स्वच्छ दिसणं वेगळं आणि स्वच्छ असणं वेगळं, हे तिथे माझ्या अंगात मुरलं ते कायमचं. बिअरचा नादही तिथेच लागला. माझ्या शेजारच्या टेबलावरची कीवी बाई शनिवारी आपल्या गॅरेजमध्ये, पायात जँडल्स, म्हणजे रबरी सपाता घालून, पेल एल नावाची फिकट बिअर करायची. मी बघायला जायचे, मग मदतीला जायला लागले. तिचा नवरा बाहेर लॉन कापत असायचा. कुणी बिअरची तारीफ केली की तो मशीन बंद करून म्हणायचा, "ऑल हर्स, मेट." आणि परत मशीन चालू. त्या तीन शब्दांचा मला तेव्हा हेवा वाटला नाही, कारण आपल्याही घरी असंच होणार, यात काय एवढं, असं मी धरून चालले होते.

पापाकुराला आल्यावर गॅरेज मिळालं आणि मी पन्नास लिटरचा स्टीलचा टोप घेतला, बुडाशी नळ असलेला. तेव्हापासून गाडी बाहेर पावसात उभी असते.

पेल एल सगळ्यात सोपी. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, भरडायचं ते जाडसर. चकलीच्या भाजणीसारखं पीठ केलंत तर गाळताना चिखल होतो. दाणा फुटला पाहिजे आणि साल बऱ्यापैकी अख्खी राहिली पाहिजे. ते सदुसष्ट अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं. या तासात टोपाजवळून हलायचं नाही, कारण पाणी फार तापलं तर बिअर गोडसर, जड होते आणि निवलं तर पाणचट. मग गोड पाणी काढून घ्यायचं, उकळायचं, हॉप्स, म्हणजे एका वेलीची कडसर फुलं, घालायचे. आधी घातलेले हॉप्स कडूपणा देतात, शेवटी घातलेले वास. फोडणी आधी आणि कोथिंबीर शेवटी हे ज्याला कळतं, त्याला हॉप्स कळायला अडचण नाही. माझे हॉप्स नेल्सन गावाकडचे असतात, पाकीट फोडलं की गॅरेजभर द्राक्षांचा आणि लिंबाच्या सालीचा वास सुटतो.

गव्हाची बिअर करताना निम्मा गहू, निम्मी बार्ली, हॉप्स नावापुरते. बाकी सगळं काम यीस्टचं. ते यीस्ट जरा उबेत ठेवलं की बिअरला आपोआप केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. आत केळं नसतं, लवंग नसते. एकदा पाहुण्यांनी नवऱ्याला विचारलं, "केळं घातलंस का रे?" त्याने एक क्षणही न घालवता सांगितलं, "एकच. पिकलेलं." मी ओट्याशी उभी होते. माझ्या हातात सुरी होती, एवढंच सांगते.

आणि कोकमाची. ती माझी स्वतःची आहे. जर्मनीत आंबट, किंचित खारट अशी धने घातलेली एक बिअर करतात. मी पहिल्यांदा प्यायले तेव्हा म्हटलं, हे तर सोलकढीच्या वाटेवर निघालेलं कुणीतरी आहे. ती करताना माल्टचं पाणी एकदा उकळून चाळीस अंशांपर्यंत निववायचं, दह्याचे असतात तसे जंतू घालायचे आणि झाकून ठेवायचं. आंबटपणा हवा तेवढा आला की पुन्हा उकळायचं, हॉप्स चिमूटभर, मीठ, भरडलेले धने. कोकम घालायचं ते यीस्टचं काम संपत आल्यावर. खारवलेली कोकमं मिळाली असतील तर मीठ वेगळं घालायचं नाही. हे मी एक अख्खा टोप गटारात ओतून शिकले. आता ती अशी होते, की उन्हाळ्यात अंगणात बसून प्यायली तर माणूस बोलायचा थांबतो. रंग गुलाबी, फेस पांढरा. लोक पितात आणि माझ्या नवऱ्याच्या पाठीवर थाप मारतात.

गेल्या गटारीचं सांगते. आषाढातल्या त्या अमावास्येला माझी आई घरातले सगळे दिवे घासून पाटावर मांडायची, त्यांची पूजा करायची. आमच्या मराठी मंडळातल्या पुरुषांना ती अमावास्या फक्त एकाच नावाने पाठ आहे. श्रावणात सोडायची आहे म्हणून आदल्या दिवशी भरपूर प्यायची. इथे ती ऐन हिवाळ्यात येते, म्हणून मी दरवर्षी स्टाउट करते. भाजलेली बार्ली, थोडं चॉकलेट माल्ट, म्हणजे चॉकलेटी रंगावर भाजलेलं, ओट्स, आणि वर गुळगुळीत फेस. ती बाटलीत जाऊन थोडी जुनी व्हावी लागते, तेव्हा मी आषाढ लागायच्या आतच तयारीला लागते. म्हणजे या लोकांच्या प्रत्येक गटारीचा मुहूर्त आधी माझ्या टोपात लागतो.

तर त्या दिवशी पुरुष गॅरेजमध्ये, बायका आणि मुलं आत. मी गरम कोलंबीची भजी घेऊन गॅरेजमध्ये गेले. मंडळाचा सेक्रेटरी, नवऱ्याचा कॉलेजातला मित्र, टोपाला टेकून उभा होता. "भावा, तू नोकरी सोड आणि ब्रूअरी काढ. स्वीट ऍज आहे ही, एकदम झकास."

नवरा म्हणाला, "अरे, वेळ कुठे असतो. वीकेंडला जमेल तेवढं करतो."

मी थाळी खाली ठेवली आणि सरळ म्हटलं, "ही मी केलीय."

"हो ना वहिनी," सेक्रेटरी म्हणाला, "कोलंबी एक नंबर आहे."

सगळे हसले. नवराही हसला. त्याला नक्की कळलं होतं मी कशाबद्दल बोलतेय. त्याने माझ्याकडे पाहिलंही, आणि मग भजं उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लास धुताना मी त्याला म्हटलं, "मला काही नको. फक्त एकदा, चार लोकांसमोर, तुझ्या तोंडाने सांग की बिअर ही करते."

"अगं, घरातलीच गोष्ट आहे. आपली बिअर. त्यात तुझं माझं काय?"

"मग ‘आम्ही’ तरी म्हण."

तो जरा गंभीर झाला. टॉवेल खांद्यावर टाकला. "लोक काय म्हणतील विचार कर. बाई घरात दारू गाळते? मी उलट तुला वाचवतोय."

मला त्या दिवशी जो राग आला तो अजून पूर्ण उतरलेला नाही. तो प्यायला की छंद, मी केली की गाळणं. आणि वर मला वाचवतोय! मी हातातला ग्लास इतका घासला, की त्याच्या काठाची रंगीत रेघच गेली.

मग श्रावण लागला. गॅरेजमध्ये टोपाला टेकलेली मंडळी एका रात्रीत सात्त्विक झाली. मंडळाच्या ग्रुपवर सोमवारी महादेवाचे फोटो, शनिवारी मारुतीचे. मी मात्र श्रावणात पिल्सनर, म्हणजे हलकी सोनेरी बिअर, लावते, कारण इथल्या थंडीत आमचं गॅरेज म्हणजे फुकटचा फ्रिज. पिल्सनरचं यीस्ट थंडीत सावकाश काम करतं. तिला घाई चालत नाही, लपवायलाही काही नसतं तिच्यात. जरा काही चुकलं की लगेच चवीत कळतं. मला ती करायला आवडते. त्या महिन्यात गॅरेजमध्ये कुणी फिरकत नाही आणि माझ्या बिअरबद्दल कुणी खोटं बोलत नाही.

गणपतीला मंडळ दरवर्षी माउंट वेलिंग्टनला एका शाळेचा हॉल घेतं. महाप्रसाद आपलीच माणसं करतात. या वेळी ऐन वेळी कळलं, की मंडळाचं सगळ्यात मोठं पातेलं बुडाशी गळतंय. ग्रुपवर एकच गोंधळ. आणि माझ्या नवऱ्याने मला न विचारता टाकलं: ‘आमच्याकडे पन्नास लिटरचा स्टीलचा टोप आहे. घेऊन येतो.’ खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली.

मी त्याला म्हटलं, "लोक ओळखतील तो टोप."

"कोण बघतंय? स्वच्छ आहे ना?"

स्वच्छ होता. त्या हॉलमध्ये आलेल्या कुठल्याही भांड्यापेक्षा स्वच्छ होता. तरी मी तो परत घासला, नळ खोलून आतली चकतीसुद्धा काढून धुतली आणि सगळं उकळत्या पाण्याने काढलं. नैवेद्याचं काम आहे, आपल्याकडून कमी नको, असं मलाच वाटलं.

टोप हॉलच्या किचनमध्ये पोचला आणि त्याचं केवढं कौतुक झालं. नळवालं पातेलं! त्यात आमटी केली, चिंच-गुळाची. वाढायला पळी नको, वाटी नळाखाली धरली की झालं. मंडळाचे अध्यक्ष, वयाने सगळ्यात मोठे, त्यांना सगळे काका म्हणतात, ते स्वतः येऊन बघून गेले. "याला म्हणतात हायजीन," म्हणाले. नवऱ्याने खांदे उडवले, जणू नळ त्याने लहानपणी शोधून काढला होता.

पहिल्या दोन पंगती व्यवस्थित झाल्या. तिसऱ्या पंगतीला नळ तुंबला. कढीपत्ता. मी आमटी टाकतानाच म्हटलं होतं की कढीपत्ता काढून घ्या, पण फोडणीत तो दिसला पाहिजे असा आग्रह होता. लोक वाट्या घेऊन रांगेत. सगळ्यांनी नवऱ्याला हाक मारली, टोप त्याचा ना. तो आला, नळाची मूठ इकडे फिरवली, तिकडे फिरवली, खालून वाकून बघितलं. टोपाच्या आत नळाला एक वाकडी नळी असते, तिच्या तोंडाशी अडकतं, हे त्याला माहीत असण्याचं काही कारणच नव्हतं. शेवटी त्याने मान वर करून मला शोधलं.

मी गेले. नळ उघडा ठेवायला सांगितला, लांब डावाचा दांडा आतून नळीच्या तोंडाशी घातला, एकदा फिरवला. आमटी सुटली.

"वा वहिनी," सेक्रेटरी मोठ्याने हसत म्हणाला. तो वाटी घेऊन रांगेतच होता. "मेकॅनिक तर तुम्हीच आहात." मग नवऱ्याकडे वळला, "अरे पण थांब, हा तर तुझा बिअरचा टोप ना? गटारीला गॅरेजमध्ये होता तोच!"

तो गमतीत बोलला. पण किचनची खिडकी हॉलमध्ये उघडते आणि त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. जेवणारे हात थांबले. काका आतल्या बाजूला बसले होते. त्यांनी ताट पुढे सारलं आणि उठून आले.

"प्रसादाची आमटी दारूच्या भांड्यात केली?"

सेक्रेटरीचं हसू कुठल्या कुठे गेलं. "मला पण आत्ताच लक्षात आलं, काका," तो म्हणाला. ज्या टोपाला टेकून त्याने माझी स्टाउट ग्लासावर ग्लास रिचवली, त्याच्यापासून तो आता दोन पावलं मागे सरकला. सेक्रेटरीच्या बायकोने मुलाच्या पानातली वाटी उचलून बाजूला ठेवली. कुणीतरी पूजेच्या सामानातली गंगाजलाची बाटली आणली आणि टोपावर शिंपडलं. ओतून द्यावी असं एक जण म्हणाला, तर प्रसाद ओतणं त्याहून वाईट, असं दुसरा. दोन वेळा मागून घेतलेले लोक पोटात गेलेल्याचं काय करायचं या विचारात पडले.

काका नवऱ्याला म्हणाले, "तुम्ही सांगायला नको होतं? तुमच्या घरचं भांडं."

मी त्याच्या शेजारी उभी होते. डाव माझ्या हातात होता. नवऱ्याने घसा खाकरला.

"काका, टोप हिचा आहे. बिअर हीच करते. मला त्यातलं काही कळत नाही, मी आपला कधीमधी घेतो."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. इतकी वर्षं जे मी मागत होते ते त्याने दिलं. चार नाही, शंभरेक लोकांसमोर, स्पष्ट आवाजात, एक शब्द न चुकता. आणि कसं दिलं, तर चोर दाखवून द्यावा तसं. माझ्याकडे बोटही केलं. मला त्या क्षणी त्याचा जेवढा तिटकारा आला तेवढा आमच्या लग्नात कधी आला नव्हता. घाबरायचं मला काही नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "बिअर मीच करते. गटारीची स्टाउट मी केली होती. उन्हाळ्यातली कोकमाची मी केली होती. इथल्या ज्यांनी ज्यांनी आमच्या घरी प्यायली, त्यांनी माझ्या हातची प्यायली. हा टोप मी काल घासला आणि आज सकाळी उकळत्या पाण्याने धुतला. तेव्हा तुमचं ते गळकं पातेलं कुणी कधी घासलं होतं, ते पण विचारा काका. आणि ज्यांना माझी बिअर चालते पण माझं भांडं चालत नाही, त्यांनी ते मला तोंडावर सांगा."

काका म्हणाले, "हा वादाचा प्रसंग नाही," आणि बाहेर गेले. लोकांनी तूप-भात खाल्ला. मी माझं ताट वाढून घेतलं, नळ उघडला, वाटीभर आमटी घेतली आणि किचनमध्ये उभ्याने जेवले. आमटी चांगली झाली होती. गूळ जरा जास्त.

सेक्रेटरीची बायको ताटं ठेवायला आत आली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणाली, "खरंच तू करतेस? कोकमाची पण? मला सांगशील कशी करायची?"

"सांगते की. कोकम कुठलं आहे तुझ्याकडे?"

"शू, इथे नको गं. मी फोन करते नंतर."

"नंतर नाही," मी म्हटलं. "बाहेर चल आणि सगळ्यांसमोर विचार." ती ताटं ठेवून निघून गेली. तिच्यावरचा राग मात्र लवकर गेला. तिच्या जागी मी असते तर मीही कदाचित कुजबुजलेच असते.

उरलेल्या आमटीसकट टोप डिकीत ठेवला आणि आम्ही निघालो. मागे लेक बसली होती. ती इथेच जन्मली, मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजीत. हॉलमधलं सगळं तिने पाहिलं होतं.

मोटरवेला लागल्यावर नवरा म्हणाला, "वाईट झालं."

मला खरंच वाटलं, आता पुढचं वाक्य माफीचं असणार. मी त्यासाठी जागासुद्धा करत होते मनात.

"आता दिवाळीला लोकांना मी काय सांगू?" तो म्हणाला. "सगळ्यांना वाटायचं मी करतो." त्याचा आवाज कापत होता. मला पुढे करताना जराही न हललेला आवाज.

मागून लेक म्हणाली, "यू डॉब्ड हर इन, डॅड." इथल्या शाळेत मुलं एकमेकांची नावं बाईंना सांगतात त्याला डॉब करणं म्हणतात, आणि तसं करणाऱ्याशी मग कुणी खेळत नाही.

"तुला नाही कळायचं," तो म्हणाला.

"तिला कळलंय," मी म्हटलं. "आणि दिवाळीला बिअर असेल. तुला हवी असली तर सगळ्यांसमोर माझ्याकडे मागायची."

दिवाळीची पार्टी आमच्याच घरी झाली. सगळे आले, काका सोडून. मी पिल्सनर काढली होती आणि कोकमाचीही. गॅरेजच्या दारात मी स्वतः उभी राहिले, ग्लास घेऊन. सेक्रेटरी आधी जरा घुटमळला, मग पुढे आला आणि म्हणाला, "वहिनी, एक कोकमाची द्या ना." मोठ्याने म्हणाला. मग बाकीचे. दोन बायकासुद्धा आल्या, आणि एकीने धने भाजून घालतेस का कच्चे, असं तिथेच उभी राहून विचारलं. मी सांगितलं.

नवरा खुर्च्या लावत होता, चिवडा वाढत होता, लोकांना आत-बाहेर नेत होता. माझ्यासमोरून तो कितीदा तरी गेला. एकदा थांबलाही. ओठ उघडले त्याचे. मागे सेक्रेटरी उभा होता, त्याच्याकडे नवऱ्याने एकदा बघितलं आणि तो सिंककडे जाऊन नळाचं पाणी प्यायला.

त्याने मागितली नाही. मी दिली नाही.